कारवीची भिंत, बंदराचे चित्र

पावसाळा सरला, दिवाळीची चाहूल लागली की आमच्या भागात दोन प्रकारच्या चित्रांना एकदम बहर येतो. एक फुलांची, दुसरी होड्यांची. नव्या घरांचे ताबे मिळतात, वास्तुशांत होते, कोचाच्या वरची भिंत रिकामी दिसू लागते आणि घरातल्या मंडळींत चर्चा सुरू होते की इथे एखादे ‘प्रसन्न’ चित्र हवे. भिवंडीच्या वेशीवर, काल्हेर-कशेळीकडे, गोदामांच्या शेजारी जे मनोरे उभे राहिले आहेत त्यांतल्या अनेक घरांत गेल्या काही वर्षांत मी जेवायला गेलो आहे. बहुतेक ठिकाणी एक तर जांभळ्या फुलांचा उतार असतो, नाही तर संध्याकाळच्या पिवळ्या पाण्यावर टेकलेली रिकामी होडी. चित्रे वाईट नसतात. हात सफाईदार असतो. मी यजमानांना सहज विचारतो, फूल कुठले? बंदर कुठले? उत्तर येत नाही. आणि प्रश्न जरा विचित्रच होता, असा भाव मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटतो.

प्रश्न विचित्र नाही, असे मला वाटते.

बँकेत अधिकारी म्हणून तीन तपे काढली. त्यातली बरीचशी वर्षे यंत्रमागांच्या या गावात. ऐंशी-नव्वदच्या दशकात कुठल्याही शेटजींच्या गादीवर गेले की मागे मागांचा खडखडाट, समोर कपाचा चहा आणि भिंतीवर ट्यूलिपची बाग. खाली इंग्रजीत एखादे सुवचन. स्वित्झर्लंड असेल नाही तर हॉलंड. सुताचे भाव, वीजकपात आणि थकलेले हप्ते यांच्या चर्चेवर ती बाग वर्षानुवर्षे तशीच फुललेली राही. बाग म्हणजे आपल्याकडची नसते, ती दूरदेशी असते, ही समजूत त्या पोस्टरांनी दोन पिढ्यांच्या डोळ्यांत घट्ट बसवली. ‘बाग’ हा शब्दच फारसीतून आलेला. आपल्याकडे होते ते परस, अंगण, कोकणात वाडी आणि आगर. तिथे शोभेसाठी काही लावत नसत. अबोली वेणीसाठी, तगर पूजेसाठी, केळ पानासाठी. आणि खरी रानफुले घरात येत ती गौरीच्या दिवशी. तेरड्याचे रोप मुळासकट आणायचे, त्यालाच गौर म्हणून घरभर फिरवायचे. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण सगळे तोंडाने म्हणतो. पण त्या तीन दिवसांच्या रंगाचे चित्र किती घरांत आहे?

आज परिस्थिती थोडी बदलते आहे, हे कबूल केले पाहिजे. पुण्याचे मिलिंद मुळीक यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि हाती धरला तो जलरंगाचा कुंचला. त्यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तके पाहून कितीतरी मध्यमवर्गीय घरांतली मुले, आणि निवृत्त झालेले माझ्यासारखे काका-आजोबाही, रविवारी पाठीला बोर्ड लावून बाहेर पडू लागले. जेजेच्या विद्यार्थ्यांचा राणीच्या बागेत बसून झाडे काढण्याचा परिपाठ तर जुनाच. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि सप्टेंबरात तिथे कॅमेऱ्यांइतके नाही, तरी कागद-रंग घेतलेले लोकही दिसू लागले. तिथल्या फुलांची नावे किती गोड आहेत पाहा. सीतेची आसवे, सोनकी, गेंद, कवला. सीतेची आसवे हे निळे-जांभळे एवढेसे फूल कीटकभक्षी आहे, मुळांपाशी सूक्ष्म पिशव्यांचे सापळे लावून बसते. हे ज्याला ठाऊक आहे तो चित्रकार ते फूल वेगळ्या नजरेने काढील, की नाही? ज्याला ठाऊक नाही तो निळे ठिपके देईल. दोन्ही चित्रे लांबून सारखीच दिसतील, पण फार वेळ नाही.

कादंबरी लिहिणाऱ्याला ही अडचण रोजची आहे. ‘एका झाडाखाली तो उभा होता’ असे लिहून चालत नाही. झाड कुठले हे लिहिले की गाव आपोआप उभे राहते, ऋतू येतो, माणसाची जातकुळीसुद्धा कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फूल आणि भिंत यांचा खरा संबंध मी पाहिला तो डहाणूला. तिथे शाखेत होतो तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली शेळ्या घेण्यासाठी कर्जे दिली जात आणि त्या शेळ्या खरोखर आहेत का, हे पाहायला आम्हा अधिकाऱ्यांना पाड्यांवर पाठवत. शेळ्या दिसत, कधी कमी, कधी शेजाऱ्याच्या. पण मला घरे पाहायला मिळाली. वारल्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या एकमेकींना लावून भिंत उभी करायची, तिला शेणमातीने लिंपायचे, वर गेरूचा हात द्यायचा. आणि लग्न निघाले की त्या लाल अंधारावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने, ठेचलेल्या काडीने चौक लिहिणार. ‘लिहिणार’ हाच तिथला शब्द, काढणार नव्हे. चौकात पालघाट देवी, भोवती झाडे, पाने, पक्षी, माणसे. धवलेरी गाणी म्हणते, देवीला बोलावते आणि त्यानंतरच लग्न लागते.

ही कारवी म्हणजे तीच, जी आठ वर्षांतून एकदा फुलते. आमच्या भिवंडीपासून फार लांब नसलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. डोंगरच्या डोंगर जांभळे-निळे होतात, मधमाश्यांची झुंबड उडते, वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रे येतात. मग बी धरते आणि झाड मरते. वाळलेली काठी कुडाच्या कामाला येते. म्हणजे वारली बाईने ज्या भिंतीवर पांढरे झाड काढले, ती भिंतच एका रानफुलाची. आमच्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर फुलाचे चित्र असते. तिथे फुलाच्या भिंतीवर चित्र होते. हे लक्षात आल्यावर शेळ्यांची मोजदाद तेवढी महत्त्वाची वाटेनाशी झाली, पण अहवाल मात्र वेळेवर दिले.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे या पाड्यांवर गेले आणि त्यांनी ही कला भिंतीवरून कागदावर यावी म्हणून धडपड केली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात त्यांनी ओळखला. चौक लिहिणे हे बायकांचे काम, मशे पुरुष. लहानपणी आई गेल्यावर या मुलाची वाचाच बसली होती आणि तो धुळीत रेघा ओढून मनातले सांगे, असे त्यांच्याविषयी सांगतात. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते पटेल. सगळा कागद एका जाळ्याने भरलेला असतो. बारीक रेघेचा एकेक डोळा विणल्यासारखा. माणसे एवढीशी, मुंगीएवढी, पण जाळे ओढताना त्यांच्या पाठीला पडलेला बाक दिसतो. पाण्यावर सूर्यास्त नाही. तिथे काम आहे. आणि तरीही इतके सुंदर पाणी मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेले नाही.

आता त्या पाड्यांवर सिमेंटची घरकुले झाली. व्हायलाच हवी होती. गळक्या कुडात दुसऱ्याने राहावे आणि आपण त्याचे कौतुक करावे, हा रसिकपणा मला मान्य नाही. पण भिंत गेली आणि चित्र कागदावर, कापडावर, पिशव्यांवर आले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात जाऊन चादर उलगडून पाहा, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर छापून निघतो आहे आणि त्या छपाईचा एक पैसाही कुठल्या पाड्यावर पोहोचत असेल असे वाटत नाही. यातले कापड आमच्याच भिवंडीच्या मागावरचे असू शकते. कोरे ग्रे कापड इथून निघते, छपाईला परगावी जाते आणि फुले किंवा फेर घेऊन परत येते. कापडावर फूल कसे यावे याचा विचार करायला या देशाने एकेकाळी चांगले चित्रकार नेमले होते. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. पान, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर ज्या निवांतपणे येऊन बसत, त्यामागे समुद्राकाठचे बालपण आणि कापडावरच्या नक्षीची शिस्त दोन्ही असावीत, असा माझा तर्क आहे.

फुलांचे एवढे पुरे. बंदराचे दुखणे मला जास्त जवळचे आहे, कारण मी ज्या गावात राहतो तेच एकेकाळी बंदर होते. आज हे सांगितले तर शाळेतली मुले हसतात. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. पुढे आगगाडी १८५४ साली कल्याणला पोहोचली, ती भिवंडीला बगल देऊन. खाडी गाळाने भरत गेली. आज कामवारी नदीच्या पुलावरून जाताना लोक काचा वर करतात. इथे गलबते कशी लागत, धक्का कसा होता, माल कोण उतरवत होते, हे डोळ्यांसमोर आणून देईल असे एकही चित्र मला आजवर मिळालेले नाही. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार, ज्याने आपल्या नाना फडणविसांचे चित्र काढले, तो मुंबई बेट आणि आसपासची दृश्ये रेखाटत हिंडला आणि १७९५ साली इथे जवळ, ठाण्यालाच वारला. त्याची मुंबईची बारा दृश्ये १८०० साली छापून निघाली, म्हणून त्या काळची मुंबई आज आपल्याला दिसते तरी. भिवंडीचे नशीब तेवढेही नाही.

हल्लीच्या चित्रकारांनी बंदराकडे पाठ फिरवली आहे, असे नाही. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा. तिथे २०१७ मध्ये चित्रकारांनी जुन्या गोदामांत आणि भिंतींवर कामे केली, कोळणींचे चेहरे भिंतीएवढे झाले. नाकाला रुमाल लावून का होईना, दक्षिण मुंबईची मंडळी तिथे गेली. आणि आपल्या शेजारी ठाण्यात सुधीर पटवर्धन आहेत. तीसेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याबरोबर चित्रे काढली. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला त्यांचा आधार वाटतो. त्यांच्या ‘उल्हासनगर’ किंवा ‘लोअर परळ’मध्ये निसर्ग शोधला तर सापडतो, पण तो इमारतींच्या फटीत, माणसांच्या डोक्यावरून डोकावणारा. तो खरा आहे. आपल्या शहरांतला निसर्ग असाच शिल्लक आहे. पटवर्धनांसारखी नजर बंदराला मिळाली तर काय होईल, याची मी वाट पाहतो आहे.

कारण वेळ थोडा आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथल्या वाढवणला बंदर बांधण्याचा प्रस्ताव १९९८ मध्ये डहाणू प्राधिकरणाने नाकारला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या नव्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध आहे. रोजगाराची आशा धरणारेही आहेत. ज्या गावाचे बंदर गेले त्या गावच्या माणसाने दुसऱ्याच्या बंदराला नाही म्हणावे का, यावर माझे घरात मुलाशी वाद होतात. तो मालवाहतुकीच्या धंद्यात आहे आणि त्याचे आकडे बिनचूक असतात. पण एक गोष्ट तोही मान्य करतो. बांधकाम होण्याआधीचा किनारा कसा होता हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. पर्यावरणाच्या अहवालात माशांच्या जाती असतात, खडकाचे नकाशे असतात. भरती चढत असताना घाईने शिंपल्या गोळा करणारी बाई त्यात नसते.

म्हणून चित्रकारांना, विशेषतः रविवारी बोर्ड घेऊन निघणाऱ्या आपल्या मुलामुलींना, माझे सांगणे आहे की कासला गर्दी खूप झाली, या वर्षी थोडे उत्तरेला जा. डहाणूला उतरा. तांडेलाला होडीचे नाव विचारा, जाळे कुठले ते विचारा, चित्राच्या कोपऱ्यात आपल्या सहीशेजारी गावाचे नाव आणि तारीख घाला. आणि घरासाठी चित्र घेणाऱ्यांनी, पैसे मोजण्याआधी, फूल कुठले हे जरूर विचारा. चित्रकाराला सांगता आले तर घासाघीस करू नका.

वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात आणखी एक काम चालते. घराघरांत बसून कारागीर पोलादाच्या ठोकळ्यावर सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरतात. भिंग लावून, छिन्नीच्या टोकाने, पाकळी पाकळी करत. आपल्या घरातल्या बायकांच्या कानात जे सोन्याचे फूल असते ते असेच एखाद्या साच्यातून निघालेले असते. या कारागिरांना कोणी चित्रकार म्हणत नाही. पुढच्या वेळी गेलो की त्यांच्यापैकी एखाद्याला विचारणार आहे, ही पाकळी कुठल्या फुलाची.