इभ्रतीची टॅक्सी

मराठी माणूस परदेशी जायचे ठरले की आधी सहा महिने काटकसर करतो. विमानाचे भाव मध्यरात्री उतरतात असे कुणीतरी सांगितलेले असते, म्हणून रात्री दोनला उठून भाव बघतो. सरळ जाणारे विमान सोडून मधे कुठेतरी पाच तास बाकावर बसवणारे विमान घेतो, कारण त्यात माणशी तीन हजार वाचतात. हॉटेल न्याहारीसकट घेतो आणि ती न्याहारी अशी करतो की दुपारी जेवायची गरज पडू नये. बॅगेत मेतकूट असते, भाजणी असते, शिवाय 'असू दे' या सदरात मोडणारे सात-आठ जिन्नस असतात. आणि एवढे सगळे केलेला हाच गृहस्थ परक्या गावच्या विमानतळाच्या दाराबाहेर येतो, समोर दिसेल त्या टॅक्सीत बसतो, आणि सहा महिन्यांची काटकसर चाळीस मिनिटांत मीटरवर मोजून देतो.

या टॅक्सीला माझा सक्त विरोध आहे.

बसता का, असे विचारले तर तीन कारणे मिळतात. सामान होतं, वेळ अवेळ होती, बायकामुलं बरोबर होती. चौथे कारण कुणी बोलत नाही. ते आमच्या आळीतले एक निवृत्त गृहस्थ एकदा बोलून गेले. मला म्हणाले, "अहो, एवढं विमानानं जायचं आणि उतरून काय लोकलमध्ये बसायचं?" म्हणजे विमानातून उतरणारा माणूस हा जणू घोड्यावरून उतरणारा नवरदेव. त्याने मांडवापर्यंत पायी जाणे शोभत नाही!

हे कोण बोलले? ज्यांची तेहतीस वर्षे कसारा लोकलमध्ये गेली ते! आता ज्यांना कसारा लोकल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. कल्याणहून नाशिकच्या अंगाला निघालात की टिटवाळा, वासिंद, आसनगाव करीत गाडी आटगावला येते, मग तानशेत, मग आमचे खर्डी. पुढे उंबरमाळी आणि कसारा, आणि मग घाट. बोरीबंदरपासून खर्डी शंभरावर किलोमीटर. जायला दोन-सव्वादोन तास, यायला तितकेच, आणि त्यातला पहिला तास उभ्याने. आमच्या फलाटावरून दिवसभर नाशिक, नागपूर, हावडा, वाराणशी अशा मोठमोठ्या गावांना जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या धडधडत जातात. बहुतेक आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. फलाटावरची धूळ आमच्या तोंडावर उडवतात आणि निघून जातात. तेव्हा एक्स्प्रेस ही दुसऱ्यांसाठी असते आणि जी थांबते ती आपली, एवढे ज्ञान खर्डीच्या माणसाला जन्मतःच असते. परदेशच्या विमानतळावर हेच ज्ञान लागते. नेमके तेच हे लोक सहारला सोडून जातात.

आता लंडनचे घ्या. तिथे हीथ्रो विमानतळापर्यंत भुयारी रेल्वे आली ती १९७७ साली. पिकॅडिली लाईन तिचे नाव. ती प्रत्येक स्टेशनाला थांबत, दारे उघडत-मिटत, साधारण तासाभरात शहराच्या पोटात नेऊन सोडते, आणि घेते किती, तर सहा पौंडांच्या आसपास. तिथेच १९९८ सालापासून हीथ्रो एक्स्प्रेस नावाचे दुसरे एक राजेशाही वाहन आहे. ते पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते आणि आयत्या वेळी तिकीट काढले तर पंचवीस पौंडांच्या घरात घेते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मला लगेच भागाकार सुचतो. पौंड शंभर-सव्वाशे रुपयांचा धरला तर फरक पडला दोन हजारांच्या वर, आणि वाचली चाळीसएक मिनिटे. माझ्या चाळीस मिनिटांचे दोन हजार रुपये देणारे कुणी असेल तर त्याने मला खर्डीच्या पत्त्यावर कळवावे, मी उद्या बँकेचा राजीनामा देतो. आणि हो, २०२२ सालापासून एलिझाबेथ लाईन म्हणून आणखी एक गाडी तिथे आहे. राणीच्या नावाची असली तरी ती वागायला लोकलच आहे. एक्स्प्रेसपेक्षा स्वस्त, पिकॅडिलीपेक्षा महाग, आणि ज्यांना दोन्हीकडे मन राखायचे असते त्यांच्यासाठी उत्तम.

बँकॉकची गोष्ट तर मला फारच आवडते. तिथे २०१० साली विमानतळापासून शहरापर्यंत पुलावरून जाणारी गाडी सुरू झाली. तेव्हा तिचेही दोन प्रकार होते, एक न थांबता जाणारी एक्स्प्रेस आणि एक सगळीकडे थांबणारी. एक्स्प्रेस काही वर्षांत बंद पडली. सगळीकडे थांबणारी अजून भरभरून चालली आहे, आणि पार शेवटपर्यंत गेलात तरी पंचेचाळीस बाथ. म्हणजे घाटकोपर ते अंधेरी रिक्षा करायला जेवढे लागतात त्याहूनही कमी. सिंगापूरला २००२ पासून विमानतळावरच स्टेशन आहे. फक्त 'ताना मेरा' नावाच्या ठिकाणी गाडी बदलावी लागते. आता गाडी बदलण्याची भीती कुणी कुणाला घालावी? ज्याने संध्याकाळी सहा वाजता कल्याणच्या पुलावरून या फलाटावरून त्या फलाटावर उडी मारून कसारा पकडली आहे, तो ताना मेराला झोपेतसुद्धा गाडी बदलेल.

पण आंधळेपणाने रूळ दिसले की चढा, असेही माझे म्हणणे नाही. क्वालालंपूरला एक्स्प्रेस गाडी अठ्ठावीस मिनिटांत शहरात नेते खरी, पण माणशी पंचावन्न रिंगिट. चौघांचे कुटुंब असेल तर दोनशेवीस झाले, आणि तेवढ्यात मोबाईलवरून मागवलेली मोटार दोनदा येऊन जाईल. एकटा असाल तर बस घ्या. तासभर लागतो आणि पैसे रेल्वेच्या पाव हिश्श्याहून फारसे जास्त नाहीत. म्हणजे प्रश्न चाकांचा नाही. कोणत्याही विमानतळावर एकच प्रश्न विचारायचा, तोही चौकशीच्या खिडकीवर नव्हे. तिथली मुलगी तुमचा कोट बघते आणि टॅक्सीकडे बोट दाखवते. प्रश्न विचारायचा तो फरशी पुसणाऱ्याला. "बाबा रे, तू घरी कसा जातोस?" तो रोज जातो. त्याचा पगार मला माहीत नसला तरी तो टॅक्सीने जात नाही, हे मी लिहून देतो.

मग ही टॅक्सीची सवय आपल्याला लागली कुठून? मुंबईहून. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली १८५३ साली. कसाऱ्यापर्यंत रूळ आले १८६१ साली, म्हणजे खर्डीला आगगाडी दिसली तेव्हा विमान कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि मुंबईच्या विमानतळाच्या पोटात रेल्वेचे स्टेशन कधी आले? २०२४ साली! मधल्या काळात दिल्लीने २०११ साली आपल्या विमानतळावर मेट्रो नेली. मुंबईला २०१४ साली पहिली मेट्रो आली, तिच्या एका स्टेशनाचे नाव 'एअरपोर्ट रोड' ठेवले, आणि ते ऐकून बॅगा घेऊन उतरलेल्या माणसाला खाली रिक्षावाले भेटले. नावात रोड होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. अशा गावात दोन-तीन पिढ्या वाढलेल्या माणसाच्या डोक्यात 'विमानतळ म्हणजे टॅक्सी' हे पक्के बसले तर दोष त्याचा कसा म्हणायचा? आमच्या तालुक्यातल्या तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईत जाते आहे, नळातून, उतारावरून, आपोआप. पाण्याची सोय आधी झाली, माणसाची सव्वाशे वर्षांनी.

या सवयीवर पोसलेली मंडळी निराळी. सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'विमानतळ ते हॉटेल आरामदायी मोटारीने' अशी एक ओळ असते. ती इतकी लहान असते की आपण तिला नमस्कार करून पुढे जातो. बँकेत बावीस वर्षे बारीक अक्षरे वाचून डोळे घालवलेला माणूस या नात्याने सांगतो, त्या ओळीची वेगळी किंमत मागा. मिळाली तर बसून ऐका. तीच गोष्ट विमानतळावर नोटा बदलून देणाऱ्या खिडकीची. तिथे विकतचा भाव आणि खरेदीचा भाव यांच्यात एवढी दरी असते की मधून कसारा घाट जाईल. टॅक्सीवाला रोख मागेल या भीतीने माणूस तिथे सगळ्याच नोटा बदलतो, म्हणजे टॅक्सीत बसण्याआधीच टॅक्सीचे अर्धे भाडे गेले.

सामानाचे म्हणाल, तर कसारा लोकलच्या लगेज डब्यात एकदा डोकावा. भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, आणि त्यांच्यामधे जागा करून बसलेली माणसे. तुमची ती चाके लावलेली बॅग तिथे लाजून मरेल. रात्री-अपरात्री मात्र माझा हट्ट नाही. म्हातारी माणसे असतील, गाड्या बंद झाल्या असतील, तर आतल्या खिडकीवर पैसे भरून पावती घ्या आणि खुशाल टॅक्सीने जा. फक्त "टॅक्सी, सर?" म्हणत स्वतःहून जवळ येणाऱ्याच्या मागे जाऊ नका. ज्याची गाडी चांगली असते त्याला गिऱ्हाईक शोधत आत यावे लागत नाही.

आणि खरे अवघड प्रकरण हे परदेशात नाहीच. हीथ्रोहून शहरात जाणे मी शेजाऱ्याच्या दहावीतल्या मुलाला समजावून सांगू शकतो. सहारहून खर्डीला कसे यायचे ते सांगा! विमाने उतरतात मध्यरात्रीनंतर. मेट्रो त्याआधीच झोपलेली असते. शेवटची कसारा लोकल पकडायला विमान सोडून घरूनच निघायला हवे होते. टॅक्सीवाल्याला खर्डी म्हटले की तो आधी "कुठं?" म्हणतो, मग "परत यायचं भाडंपण लागेल" म्हणतो, आणि मग जो आकडा सांगतो त्यात माणूस बँकॉकच्या गाडीत वर्षभर फिरेल. तेव्हा खर्डीचा माणूस शहाणपणाने विमानतळाच्या बाकावर पहाटेपर्यंत बसतो. पहिली मेट्रो घेतो, पुढच्याच मरोळ नाक्याला बदलतो, घाटकोपरला उतरतो, आणि कसारा लोकलमध्ये टोपलीशेजारी बॅग लावून उभा राहतो. आटगाव गेल्यावर खिडकीजवळचा कुणीतरी बॅगेवरची चिठ्ठी बघून विचारतो, "कुठून येणं झालं?"

"लंडनहून."

"अरे वा! मग बसा की इथं. मी तानशेतला उतरतोय."