कुत्र्याची फिजिओथेरपी घरच्या फरशीपासून सुरू होते

"कुत्र्याला कसली फिजिओथेरपी? वय झालंय त्याचं," असं अनेक पालक म्हणतात. मला हे पटत नाही. म्हातारपण हा आजार नाही. सांधेदुखी आहे, आणि तिच्यावर उपाय आहेत.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याचा सांधा वाढीच्या वयातच सैल राहण्याचा धोका जास्त असतो. त्यात वाकड, रावेत, मोशीच्या फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी! पाय घसरला की दुखऱ्या सांध्याला हिसका बसतो. चाकणला शिफ्ट करणाऱ्या घरात कुत्रा आठवडाभर बसून असतो आणि रविवारी तासभर धावतो. हेही घातकच. रोज दोन-तीनदा, थोडं थोडं, पट्ट्याने संथ चालवा.

पाण्यातल्या ट्रेडमिलवर शरीराचा भार पाणी उचलतं आणि स्नायूंना काम मिळतं. उपचार चांगलाच आहे. पण घरी फरशीवर चटया नसतील आणि वजन वाढतच असेल, तर तो खर्च वाया जातो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीचे उपचारही उशिरा लागले. म्हणून चपाती-बिस्किटांचे लाड आधी थांबवा.

माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी मात्र कधीही देऊ नका. पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. उठताना कुत्रा लंगडत असेल, तर आधी पशुवैद्याकडून निदान, मगच व्यायाम.