साडेसात हजारांचा फिकटपणा

पायाशी फुगत जाणारी, फिकट आकाशी रंगाची जीन्स साडेसात हजार रुपयांना घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरात माझं मत सहसा गॅसचा सिलिंडर संपत आलाय का, एवढ्यापुरतंच विचारलं जातं. पण पुतणीनं मोबाइलवर त्या जीन्सचा फोटो दाखवून ‘काका, कशी आहे?’ असं विचारलं. ‘कशी आहे’मध्ये ‘घेऊ का’ आपोआप येतं, असं मी धरून चालतो. ती धरून चालत नाही. तिची पहिली नोकरी आहे, पगार हातात बावीस हजार, आणि त्यातला एक तृतीयांश एका पँटीत जाणार.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना नव्या फॅशनचं वावडंच असतं. तसं मुळीच नाही. ही फॅशन नवी असती तर मी तोंडसुद्धा उघडलं नसतं. ती आमची आहे! सत्तरच्या दशकात मी बेलबॉटम घालून कॉलेजात जात असे. टेरिकॉटचं कापड, गल्लीतला टेलर, आणि घेर असा की एकेका पायात आणखी एका माणसाची सोय व्हावी. खालची किनार घासून विरू नये म्हणून टेलर आतून झिपची चेन शिवून द्यायचा. आम्ही चाललो की रस्ता आपोआप झाडला जायचा. तेव्हा घेराशी माझं भांडण नाही. मूळ बेलबॉटम दर्यावर्दी लोकांची. डेक धुताना पाय झटकन गुडघ्यापर्यंत दुमडता यावेत म्हणून ती खाली रुंद, असं सांगतात. म्हणजे हा लादी पुसण्याचा पोशाख! पण ती साडेसात हजारांची नेसून घरातली लादी कोणी पुसलेली अजून माझ्या पाहण्यात नाही.

माझं भांडण फिकटपणाशी आहे.

आपल्या मराठी मध्यमवर्गाच्या साऱ्या वस्त्रविवेकाचं सार एका शब्दात आहे: मळखाऊ. माझी आई दुकानात गेली की पोत बघायच्या आधी विचारायची, ‘मळखाऊ रंगात दाखवा.’ आणि जगात सर्वांत मळखाऊ कपडा कोणता, तर जीन्स. 1873 साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिव्हेटा ठोकलेल्या पँटीचं पेटंट घेतलं, ते काही सिनेमाला जाणाऱ्यांसाठी नव्हे. कष्टाची कामं करणाऱ्यांच्या पँटीचे खिसे वरचेवर फाटत, म्हणून. ‘डंगरी’ हा त्यांचा शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथं मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. ‘शोले’तले (1975) जय आणि वीरू दोघेही डेनिममध्ये रामगडची धूळ खात हिंडले, आणि कपडे धुवायचा प्रश्न पडद्यावर कुणालाच पडला नाही. अशा या कपड्यातून निळा रंग काढून टाकायचा म्हणजे त्याचा एकुलता एक सद्गुण काढून टाकायचा. वर त्याचे जास्त पैसे द्यायचे! लोकलमधला एक धक्का, रिक्षाची एक सीट, पावभाजीचा एक थेंब, संपलं.

हा फिकटपणा येतो कसा, हेही जरा बघा. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवतात, आडवे पांढरेच ठेवतात. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरवर बसते. म्हणून घासलं की आतला पांढरा दिसतो. आपण वापरून वापरून पाचसहा वर्षांत जे करतो, ते कारखाना काही तासांत करतो. मोठाल्या यंत्रांत जीन्सबरोबर दगड घालतात. हो, दगड. पाय घासायची वजरी असते ना, त्याच जातीचे हलके, सच्छिद्र. आता एन्झाइमं आली, लेसर आले. पण काम तेच, नव्या कपड्याचं आयुष्य आधीच थोडं खर्चून टाकायचं. भांड्यांच्या दुकानात कोणी आपल्याला पोचे आलेला डबा दाखवून ‘हा पोच्यांचा आहे, जरा महाग पडेल’ म्हणालं, तर आपण काय करू?

यात हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक गोष्ट आहे. जीन्स जुनी दिसावी म्हणून तिच्यावर दाबाच्या हवेनं वाळू मारायची एक रीत होती. तुर्कस्तानातल्या कारखान्यांत ती मारणाऱ्या तरुण पोरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ बसली, सिलिकोसिस झाला, कित्येक गेले. 2009 साली तिथल्या सरकारनं ही रीत बंद केली. कुणाचे तरी गुडघे झिजलेले दिसावेत म्हणून कुणाचा तरी श्वास झिजवायचा, हे मला काही केल्या गिळवत नाही. आणि तुर्कस्तान लांब पडत असेल तर कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर आहे. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळे करतो. तिथल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांतून वालधुनी नदीत गेलेल्या पाण्यावर मात्र कुणी विनोद करत नाही.

आता उंची. या भारी जीन्स बहुधा साडेपाच फुटांच्या वरच्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून बेततात. आमची पुतणी पाच फूट एक इंच. म्हणजे खालून चार इंच कापणं आलं. आणि घेर कुठे असतो? खालीच! टेलरनं कात्री चालवली की सर्वांत रुंद भाग जमिनीवर पडतो आणि हातात साधी पँट उरते. घेराचे पैसे द्यायचे आणि घेर टेलरच्या चिंध्यांत ठेवून यायचं. न कापावी, तर जूनमध्ये बघा: दिव्याची वात तेल ओढते तशी ती किनार डबक्यातलं पाणी गुडघ्यापर्यंत ओढते.

पुतणीकडे याला उत्तर होतं. हल्लीच्या मुली हिशेबाला पक्क्या. ‘काका, किंमत बघायची नसते, एकदा घालायला काय पडतं ते बघायचं. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं, म्हणजे दोनशेआठ वेळा. छत्तीस रुपये फक्त!’ मी पावसाळ्याचे चार महिने वजा केले. चोपन्न झाले. मग विचारलं, ‘ऑफिसात जीन्स कधी चालते?’ शुक्रवारी. म्हणजे आठवड्यातून एकदाच. एकशेआठ रुपये आणि वर काही पैसे. आकडा शुभ आहे, पण तेवढ्यात एक जपमाळ येईल आणि ती पावसातही चालेल.

‘मग काकूची पैठणी?’ हा तिचा पुढचा बाण. पैठणी चाळीस वर्षांत नऊ वेळा नेसली गेली, हे खरं. पण ती नेसून सौ. रिक्षात बसत नाही, आणि दहाव्या वेळी ती हीच पुतणी नेसणार आहे. ही जीन्स तिची नात घालील का? (सौ.नी मधेच ‘माझ्या पैठणीचं नाव काढायचं काम नाही’ म्हणून सुनावलं, तेव्हा हा मुद्दा मी ताणत नाही.)

शेवटी सरकारकडे बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आणि त्याच्या वर अठरा टक्के. सरकारशी माझं सहसा पटत नाही, पण रेघ त्यांनी बरी ओढली. त्या रेघेच्या अलीकडे, गडद निळ्या रंगात, हवा तेवढा घेर असलेली जीन्स मिळते. पाय आखूड करून घ्यायचा असेल तर टेलरला गुडघ्यातून बसवायला सांगायचं, दोन पैसे जास्त घेईल. फिकट व्हायचं काम ती जीन्स पुढं फुकट करते.

फक्त घेताना पुढच्या खिशात हात घालून बघावा. बायकांच्या जीन्सला पुष्कळदा खिसा नसतोच, खिशाच्या आकाराची नुसती शिवण असते. साडेसात हजारवालीला तशीच होती.