डाळगिरणी वाटली किती, चालली किती?

विदर्भ व मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास तूर नवी नाही. नवे आहे ते तुरीची डाळ गावातच करून विकण्याचे यंत्र. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने विकसित केलेली लहान डाळगिरणी, जी 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' या नावाने सर्वांस परिचित आहे, तिने हे काम शेतकऱ्याच्या आटोक्यात आणून दिले. पूर्वी तूर पोत्यात भरून बाजारात जावयाची, शहरातील गिरणीत तिची डाळ व्हावयाची आणि तीच डाळ किराणा दुकानातून दामदुप्पट भावाने पुन्हा गावात यावयाची. हा फेरा तोडण्याचे साधन आज उपलब्ध आहे. असे असूनही अनेक गावांतील गिरण्यांवर आच्छादन घातलेले दिसते आणि खोलीस कुलूप असते. याची कारणे यंत्रात कमी आणि आपल्या कार्यपद्धतीत अधिक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण अहवालात लिहितो ते किती गिरण्या दिल्या, किती गटांस दिल्या आणि अनुदान किती वाटले हे. गिरणी वर्षात किती दिवस चालली, हा रकाना आपल्या तक्त्यात बहुधा नसतो. वस्तुतः उद्योग जगतो तो त्याच रकान्यावर.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एक लहान गिरणी दिवसास 6 क्विंटल तूर भरडते असे धरू. तिच्या कर्जाचा हप्ता, वीज आणि चालविणाऱ्याची मजुरी भागावयाची तर ती वर्षात निदान 100 दिवस तरी चालली पाहिजे, असेही धरू. म्हणजे 600 क्विंटल तूर हवी. कोरडवाहू तुरीचा उतारा एकरी 4 ते 5 क्विंटल धरला, तर 120 ते 150 एकरांची संपूर्ण तूर या एका गिरणीस लागते. परंतु संपूर्ण तूर गिरणीकडे कधीच येत नाही. बरीचशी खळ्यावरूनच देणे फेडण्यासाठी बाजारात जाते. तेव्हा एका गिरणीस दोन-तीन गावांचा आधार लागतो. आकडे गावोगाव बदलतील. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून हा हिशेब करावा. मात्र तो न करता एकाच गावात तीन गटांस तीन गिरण्या दिल्या, तर तिन्ही अर्धपोटी राहणार आणि तिन्ही बंद पडणार. असे एक गाव मी पाहिले आहे. तेथील तिन्ही गट मेहनती होते आणि तिन्ही यंत्रे निर्दोष होती.

आता दिवसांचा विचार करू. तुरीची डाळ ही गव्हाच्या पिठासारखी दाणे ओतले की निघाली, अशी नसते. तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल केल्यावाचून टरफल सुटत नाही आणि बळेच सोडविल्यास डाळ फुटते. म्हणून दाण्यास प्रथम रोलरवर हलके ओरखडे पाडावयाचे, थोडे तेल चोळावयाचे, ढीग लावून मुरू द्यावयाचे, उन्हात वाळवावयाचे, पुन्हा पाण्याचा हात द्यावयाचा, पुन्हा वाळवावयाचे आणि मग भरडावयाचे, असा क्रम असतो. याचा अर्थ असा की गिरणी विजेवर चालत असली तरी तिचा धंदा उन्हावर चालतो. तूर घरात आल्यापासून मृगापर्यंतचे दिवस तेवढे हुकमी. पावसाळ्यात, वाळविण्याची निराळी सोय नसेल तर, यंत्र स्वस्थ बसते.

म्हणूनच वाळवणाची जागा हा गिरणीचाच भाग समजला पाहिजे. यंत्रासाठी लाखाच्या घरात खर्च करणारा गट सिमेंटच्या ओट्यासाठी हात आखडता घेतो आणि तूर रस्त्यावर किंवा शाळेच्या पटांगणात वाळत पडते. धूळ व खडे मिसळतात, सारखे वाळत नाही आणि मग डाळ फुटते म्हणून यंत्रास दोष लागतो. तुरीच्या दाण्यात टरफल व कोंब वजा जाता शंभर भागांत 80 ते 85 भाग डाळच असते. तरी साध्या साधनांवर हाती येते ती 70 च्या आसपास. मधली तूट कळणा व कोंडा होऊन गोठ्यात जाते. जनावरांस ते खाद्य चांगलेच आहे, पण डाळीच्या भावाचे नव्हे. केवळ भिजवण व वाळवण सुधारून क्विंटलमागे 5 किलो डाळ वाढली, तर 600 क्विंटलांस 30 क्विंटल डाळ होते. आपल्या बाजारच्या भावाने तिला गुणून पहावे, म्हणजे ओटा महाग की स्वस्त हे कळेल. तसेच बी. एस. एम. आर. 736 सारखी लाल तूर आणि 853 सारखी पांढरी तूर एकत्र ओतणे, टपोरा व बारीक दाणा न चाळता एकदम घालणे, हे प्रकार थांबले पाहिजेत. यास नवे यंत्र लागत नाही. दोन चाळण्या आणि थोडा धीर लागतो. नव्या तंत्राचा अर्थ आपण उगाच यंत्रापुरता संकुचित करून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. रोलरवरील खरखरीत थर झिजतो, पट्टा तुटतो, बेअरिंग जाते. हे व्हावयाचेच. पण ते होते ऐन हंगामात, आणि कारागीर असतो जिल्ह्याच्या ठिकाणी. आठ दिवस गिरणी बंद राहिली की गिऱ्हाईक मोडते आणि मोडलेले गिऱ्हाईक पुढल्या वर्षीही परतत नाही. विकसनशील देशांत लहान यंत्रांचा प्रसार जेथे टिकला, तेथे हीच बाब निर्णायक ठरल्याचे दिसते. बांगलादेशाच्या रंगपूर भागात 1980 च्या सुमारास पायाने चालविण्याचा एक साधा सिंचन पंप तयार झाला. तो छोट्या कारखान्यांत बनत असे. त्याचा सांगाडा बांबूचा, त्यामुळे मोडतोड झाल्यास गावातच उपाय होई. असे दहा लाखांहून अधिक पंप पुढे विकले गेले. आपल्याकडे प्रत्येक गावात पिठाची गिरणी चालविणारा मनुष्य असतो. जाते टाकणे, पट्टा जोडणे, मोटारीचा आवाज ओळखणे यांत त्याचा हात बसलेला असतो. डाळगिरणीचे प्रशिक्षण प्रथम त्यास दिले पाहिजे. प्रत्यक्षात प्रशिक्षणास जातात गटाचे अध्यक्ष व सचिव, आणि यंत्रापाशी उभी राहते ती तिसरीच भगिनी, जिला दोन दिवसांची रजा घरून मिळाली नाही म्हणून ती गेली नव्हती! प्रशिक्षण तिच्या गावी, तिच्याच यंत्रावर व तुरीच्या हंगामात व्हावे, ही मागणी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आग्रहाने वर पाठविली पाहिजे.

भांडवलाविषयी थोडे सांगतो. यंत्रास पैसा मिळतो, तुरीस मिळत नाही, ही लहान उद्योगाची जुनी अडचण आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवले गेले. त्याच योजनेत बचत गटाच्या सभासदास खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद होती. पण चर्चा झाली ती बहुतांशी अनुदानाची. बाजार समित्यांमार्फत 1990-91 पासून राबविली जाणारी शेतमाल तारण कर्ज योजनाही येथे स्मरणात ठेवावी. सभासदांनी तूर तारण ठेवली, तर खळ्यावरून विकण्याची निकड टळते.

तथापि पहिल्या वर्षी तूर विकत घेऊन डाळ विकण्याच्या फंदात गटाने पडूच नये, असे माझे मत आहे. काही अधिकारी मित्रांस ते रुचणार नाही. छापील पिशवी, तीवर गटाचे नाव आणि प्रदर्शनात मांडणी, हे छायाचित्रास शोभून दिसते. पण भाव उतरला की पिशवीसकट भांडवल बुडते. त्यापेक्षा आरंभ भरडाईने करावा. गावात घरोघरी वर्षाची डाळ लागते आणि घरची तूर कणगीत असते. ती भरडून देऊन मजुरी घ्यावी. यात तुरीचे भांडवल गुंतत नाही, भावाचा धोका नाही आणि हात बसेपर्यंत झालेल्या चुका गावातच कळतात. हरभरा, मूग व उडीद यांची जोड दिल्यास दिवस वाढतात. चाळणी असल्यास बियाण्याची व घरच्या गव्हाची सफाईही होऊ शकते. दोन हंगाम भरडाई नीट झाली आणि शेजारच्या गावची गिऱ्हाइके आपण होऊन येऊ लागली, म्हणजे पिशवीचा विचार करावा. वीजजोडणी मात्र पहिल्या दिवसापासून उद्योगाची स्वतंत्र घ्यावी; शेतीपंपाच्या वाहिनीवर गिरणी चालविणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय त्या विजेची वेळही आपल्या हाती नसते.

कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील प्रत्येक गिरणीसाठी एक साधी वही ठेवावी. चाललेले दिवस, भरडलेले क्विंटल, निघालेली डाळ, बंद राहिल्याचे दिवस व त्याचे कारण एवढे पाच रकाने पुरेत. वही गटातील जी भगिनी यंत्र चालविते तिच्याच हाती असावी आणि महिन्यातून एकदा आपण तिच्याशेजारी बसून ती वाचावी. जेथे दिवस भरत नाहीत, तेथे ओटा नाही, कारागीर नाही की मुळात तूरच पुरेशी नाही, याचा शोध त्या वहीतून लागेल. तूर पुरेशी नसेल तर नव्या गिरणीच्या अर्जावर तसे स्पष्ट लिहावे आणि अर्जदारास शेजारच्या गावच्या गिरणीत सभासद करून घेता येते काय, हे पहावे. यंदाच्या तुरीची भरडाई सुरू होण्यापूर्वी या वह्या गावोगाव पोहोचाव्यात आणि पुढील वर्षीच्या अर्जांची छाननी त्या समोर ठेवूनच व्हावी.