चारही चाकांना जोर, तरीही नापसंत

१/ परदेशी मोहिमेसाठी गाडी निवडायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना? माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. पहिला प्रश्न वजनाचा. या मताला आधार आहे तो १९४० ते १९४२ या काळात लिबियाच्या वाळवंटात झालेल्या एका अदलाबदलीचा. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ आधी प्रदेश समजून घेऊ. नाईलच्या पश्चिमेस, इजिप्त, लिबिया आणि सुदान जेथे एकमेकांना भिडतात, तेथे शेकडो किलोमीटर वाळू आणि खडक. १९२३ साली अहमद हसनैन उंटांच्या काफिल्यासह हा प्रदेश ओलांडून गेले आणि उवैनात हा पर्वत नकाशावर आला. तेथे माणसे अर्थातच आधीपासून राहत होती. नकाशा तेवढा मागे होता.

३/ त्यानंतर इजिप्तचे राजपुत्र कमाल अल-दीन सित्रोएन कंपनीच्या पट्टेवाल्या गाड्या घेऊन उतरले. मागच्या बाजूस रणगाड्यासारखे पट्टे असलेली ही वाहने त्या काळातील सर्वांत ‘समर्थ’ यंत्रे होती. १९२६ साली गिल्फ कबीर या विस्तीर्ण पठाराला त्यांनीच नाव दिले. मात्र या यंत्रांचे इंधन आणि पाणी पुढे पोहोचवण्यासाठी उंटांचे तांडे लागत. समर्थ गाडी उंटाच्या पाठीवर जगत होती.

४/ त्याच १९२६ साली राल्फ बॅगनोल्ड हे ब्रिटिश लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये दाखल झाले. रजेच्या दिवसांत मित्रांसह वाळवंटात जाण्यासाठी त्यांनी निवडली फोर्ड मॉडेल टी आणि पुढे मॉडेल ए. बाजारातली साधी गाडी, जोर फक्त मागच्या दोन चाकांना. गुण एकच, पण निर्णायक : ती हलकी होती.

५/ तयारीचा पहिला टप्पा काढून टाकण्याचा. टप गेला, पुढची काच गेली, मूळ सांगाड्याच्या जागी सामानासाठी लाकडी पेटी आली. इंजिनाला हवा लागावी म्हणून त्यावरचे झाकणही उतरले. वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पेट्रोल किंवा पाणी भरता येत होते.

६/ दुसरा टप्पा पाणी राखण्याचा. रेडिएटर उकळला की वाफ उडून जाते आणि पिण्याच्या पाण्यातून तूट भरावी लागते. उपाय असा : रेडिएटरची वाफ रबरी नळीने बाजूला बांधलेल्या, थोडे पाणी असलेल्या डब्यात सोडायची. तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि इंजिन निवले की तेच पाणी नळीतून परत ओढले जाते. ही युक्ती पहिल्या महायुद्धातील ‘लाइट कार पेट्रोल्स’ या तुकड्यांची. बॅगनोल्ड यांनी ती वारशाने घेतली आणि नेटकी केली.

७/ तिसरा टप्पा रुतल्यानंतरचा. कैरोतील भंगारवाल्याकडे त्यांना खंदकांच्या छतासाठी बनवलेल्या पोलादी पन्हळी मिळाल्या. रुतलेल्या चाकापुढे त्या अंथरायच्या आणि गाडी त्यांवरून बाहेर काढायची. टायरमधली हवा कमी केली की तो पसरतो आणि भार जास्त वाळूवर विभागला जातो. आजही जगभरचे वाळवंटी प्रवासी हेच दोन उपाय वापरतात.

८/ आता १९४०. इटली युद्धात उतरली आणि जून महिन्यात बॅगनोल्ड यांनी जनरल वेव्हेल यांच्यापुढे वाळवंटातून शत्रूच्या पाठीमागे जाणाऱ्या तुकडीची योजना ठेवली. मंजुरी तत्काळ मिळाली, मुदत सहा आठवड्यांची. पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखले गेलेले दल ते हेच.

९/ गाड्या कोणत्या? शेव्हरले कंपनीचे दीड टनी ट्रक. काही विक्रेत्याकडून घेतलेले, काही इजिप्शियन सैन्याकडून मागून आणलेले. पुन्हा जोर मागच्या दोनच चाकांना. दारे आणि काचा काढल्या, स्प्रिंगा बळकट केल्या, वाफेचे डबे आणि सूर्यहोकायंत्रे बसवली. कारण गाडीच्या लोखंडाशेजारी चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही. माणशी पाणी दिवसाला सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. पल्ला सुमारे १८०० किलोमीटर.

१०/ १९४१ साली हे झिजलेले ट्रक बदलून फोर्ड एफ-३० आले. चारही चाकांना जोर, इंजिन दमदार. कागदावर ही बढतीच होती. प्रत्यक्षात गाडी जड निघाली आणि इंधनाची तहान मोठी. जास्त तहान म्हणजे जास्त पेट्रोल. शंभर लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७५ किलो. ते वजन वाहण्यासाठी आणखी पेट्रोल, आणि एवढे ओझे घेऊन मऊ वाळूत रुतण्याची भीती अधिकच. गाडी आपलीच भूक वाहत होती.

११/ १९४२ साली दलाने फोर्ड सोडले आणि कॅनडात बनलेले शेव्हरले १५३३-एक्स-२ स्वीकारले. पुन्हा दोनच चाकांना जोर. दोन्ही प्रकार शेकडो मैल चालवून पाहिलेल्या, आणि चूक झाल्यास तहानेने मरण्याची शक्यता असलेल्या माणसांच्या दलाने केलेली ही निवड आहे. माझ्या लेखी कोणत्याही जाहिरातीपेक्षा तिचे मोल अधिक.

१२/ येथे आक्षेप रास्त आहे : याच दलाने पुढे विलीज जीपही वापरली आणि तिच्या चारही चाकांना जोर होता. खरे आहे. पण जीप लहान आणि हलकी होती; ती पुढे जाऊन वाट शोधण्यासाठी असे. म्हणजे वैर चार चाकांच्या जोराशी नव्हते. चिखल, बर्फ आणि चढावर त्याचा उपयोग निर्विवाद आहे. मात्र वजन, इंधन आणि पल्ला यांचा हिशेब जमल्यानंतरच तो उपयोगी पडतो.

१३/ आता आपल्याकडे पाहू. मुंबई-पुण्याहून गाडीने लंडन गाठणारी मराठी मंडळी आज आढळतात, ही आनंदाची गोष्ट. पण तयारी म्हणजे खरेदी, अशी समजूतही रूढ होत आहे : पोलादी बंपर, छतावरचा तंबू, विंच, दुसरी बॅटरी, दिव्यांची रांग. छतावरचे वजन गाडीचा तोल बिघडवते. एकूण ओझे स्प्रिंगा, ब्रेक आणि टायर यांच्यावर येते. ते तुटतात तेव्हा सुटा भाग मिळणारे गाव दोन दिवसांच्या अंतरावर असू शकते.

१४/ म्हणून माझा आग्रह असा. वाटेवरच्या देशांत जिचे सुटे भाग मिळतात आणि जी तुम्हाला स्वतः उघडता येते, अशी गाडी घ्या. माणसे, पाणी, इंधन आणि सामान यांसह ती पूर्ण भरा आणि निघण्यापूर्वी महामार्गावरच्या वजनकाट्यावर उभी करा. आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर घरी परतून सामान उतरवा. बॅगनोल्ड यांच्या गाड्यांची तयारी तेथूनच सुरू झाली होती.