सहा सेकंदांचा ठेका

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात, स्वामीमलैच्या जवळ, तिरुवलंचुळी हे गाव लागते. कावेरी इथे उजवीकडे वळसा घेते, म्हणून गावाला हे नाव पडले. दक्षिणेच्या यात्रेला निघालेली मराठी मंडळी इथे आवर्जून थांबतात ती पांढऱ्या गणपतीसाठी. ही मूर्ती समुद्राच्या फेसाची आहे अशी कथा सांगतात. त्यामुळे तिला पाण्याचा वा दुधाचा अभिषेक होत नाही, भीमसेनी कापराची पूड तेवढी वाहतात.

या साऱ्या मुलखातल्या देवळांत पूजेच्या वेळी वाजतात ते नागस्वरम आणि तविल. नागस्वरम म्हणजे आपल्या सनईचे थोरले भावंड. तविल हा फणसाच्या लाकडाचा, दोन तोंडांचा ढोल. वादक तो गळ्यात अडकवतो, एका तोंडावर काठीने आघात करतो आणि दुसऱ्या तोंडावर बोटांनी. त्या बोटांवर कडक टोप्या चढवलेल्या असतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच, इतका हा आवाज मोठा. पण पाच मिनिटे उभे राहिले की कळते, हा माणूस एकदा वाजवलेले पुन्हा तसेच्या तसे वाजवत नाही. एखादी मात्रा जरा उशिरा येते, एखादी येतच नाही, आणि समेवर मात्र सगळे नेमके येऊन मिळते.

इथल्या वादकांच्या नावांतही एक गंमत आहे. नीडामंगलम मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै, वलंगैमान षण्मुगसुंदरम पिळ्ळै ही तविलवादनातली मोठी नावे. दोन्हींतला पहिला शब्द गावाचा. ढोल वाजवणाऱ्याबरोबर त्याचे गावही अजरामर होते! तंजावरच्या मराठ्यांचे राज्य गेले, पण त्या शहरातल्या नारायणस्वामी अप्पांचे नाव मृदंगवादक आजही आदराने घेतात. अप्पा मराठी होते, एकोणिसाव्या शतकातले. त्यांचे वादन कानांनी ऐकलेला आज कोणीही नाही. आवाज हवेत विरून गेला, नाव तेवढे राहिले.

याच्या नेमकी उलटी गोष्ट अमेरिकेत घडली. तिथे आवाज राहिला, जगभर पसरला, आणि वाजवणाऱ्याचे नाव हरवले.

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ नावाच्या वाद्यवृंदाने एक तबकडी काढली. वाद्यवृंद वॉशिंग्टनचा, त्यात काळे आणि गोरे वादक एकत्र. तबकडीच्या पहिल्या बाजूचे गाणे वडिलांवरचे होते. ते खूप चालले. ते लिहिणारे रिचर्ड स्पेन्सर यांना त्याबद्दल ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. दुसऱ्या बाजूला काहीतरी भरायचे म्हणून ‘अमेन, ब्रदर’ ही शब्दांविना एक धून घातली. एका जुन्या भजनाच्या चालीवर बेतलेली. धून आखूड पडत होती, म्हणून मध्यंतरी सगळे वादक थांबले आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन एकटाच चार आवर्तने वाजवून गेला. वेळ म्हणाल तर सहा-सात सेकंद.

त्या चार आवर्तनांत असे होते तरी काय? पहिली दोन सरळ. तिसऱ्यात कोलमनने एक आघात किंचित उशिरा मारला. चौथ्यात त्याने पहिली मात्राच रिकामी सोडली, आडलयीत दोन-चार ठोके दिले आणि झांज अपेक्षेच्या आधीच वाजवली. ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवरून उचलला जातो तो इथे. आपल्याकडे ढोलकीवाला लावणीत असेच करतो. समेची वाट पाहायला लावतो आणि मग देतो. तबकडी खपली, वाद्यवृंद वर्षभरात मोडला, आणि ती सहा सेकंदे पंधराएक वर्षे तशीच पडून राहिली.

मग आले आवाज साठवणारे यंत्र, सॅम्पलर. आपल्याकडच्या लग्नांत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ऑक्टोपॅड दिसतो. त्याच्या एका चौकोनावर काठी मारली की हलगी वाजते, दुसऱ्यावर मारली की ढोलकी. हलगी तिथे नसतेच, कधीतरी कुणीतरी वाजवलेल्या हलगीचा साठवलेला आवाज असतो. सॅम्पलरचे तत्त्व हेच. फरक इतकाच की त्यात कुठल्याही तबकडीचा तुकडा भरता येतो, शिंपी कापड बेततो तसा कापता येतो आणि हवा तसा पुन्हा जोडता येतो. १९८७ साली आलेल्या एका गाजलेल्या यंत्रात सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. सहा सेकंदांचा ठेका त्यात अगदी फिट्ट बसला.

त्याच्या आदल्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये नाचासाठी उपयोगी पडणाऱ्या जुन्या तुकड्यांचा एक संग्रह निघाला होता. कोलमनचा ठेका त्यात होता. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या एन. डब्ल्यू. ए. या रॅप गायकांच्या गटाने तो आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याखाली वापरला. पण खरी कमाल केली ती इंग्लंडमधल्या पोरांनी. १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांत लंडन आणि आसपासच्या शहरांत, बहुधा घरातल्याच खोलीत बसून, त्यांनी हा ठेका वेगात फिरवला. तबकडी वेगात फिरली की लताबाईंचा आवाजसुद्धा चिमणीसारखा होतो. तसे ड्रमचे आवाजही उंच आणि टणक झाले. मग एकेक ठोका सुटा करून त्यांची उलटसुलट मांडणी झाली. मिनिटाला दीडशेच्या वर ठोके पडू लागले. माणसाच्या हातांना असे वाजवणे जवळजवळ अशक्य, आणि तरी त्यात माणसाच्या हाताचा तो बारीकसा उशीर शिल्लक राहिला. निव्वळ यंत्राने तयार केलेल्या ठेक्यात तो येत नाही. या संगीताला ‘जंगल’ म्हणू लागले, पुढे ‘ड्रम अँड बेस’. आज या एका ठेक्यावरच्या पाच हजारांहून अधिक गाण्यांची नोंद झालेली आहे. ज्यांच्या घरी मुलांनी ‘पॉवरपफ गर्ल्स’ हे कार्टून पाहिले, त्यांनीही त्याच्या शीर्षकसंगीतात तो नकळत ऐकला आहे.

भारतीय कानांना हे संगीत परके वाटले नाही. पंजाबात तबला शिकून लंडनला परतलेल्या तलविन सिंग याने या धावत्या ठेक्यांच्या जोडीला तबला बसवला. १९९९ साली त्याच्या ‘ओके’ या संग्रहाला ब्रिटनचे मानाचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. दुसरे नाव कर्श काळे. आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतीलच. इंग्लंडात १९७४ साली जन्मलेला आणि न्यू यॉर्कमध्ये वाढलेला हा कलावंत ड्रम आणि तबला दोन्ही वाजवतो. २००१ साली त्याचा ‘रियलाइझ’ हा पहिला संग्रह आला. यंत्राने कापून जोडलेल्या ठेक्यांचा वेग हा गडी हातांनी गाठू पाहतो. म्हणजे चक्र पूर्ण फिरले म्हणायचे: हातातून यंत्रात आणि यंत्रातून पुन्हा हातात.

पैशांचे चक्र मात्र फिरले नाही. रिचर्ड स्पेन्सर यांना आपल्या तबकडीचा हा प्रताप कळला तो थेट १९९६ साली, मूळ ध्वनिफितीची चौकशी करणारा कुणाचा तरी फोन आला तेव्हा. दाद मागण्याची मुदत तोवर टळून गेली होती. आणि दाद मागितली असती तरी कोलमनच्या हाती काय लागले असते, हा प्रश्नच आहे. चाल ज्याची त्याला हक्क, ध्वनिमुद्रण ज्याचे त्याला हक्क. ठेका धरणारा या दोन्हींत सहसा बसत नाही. त्या दिवसाचे मानधन घेतले की त्याचा हिशेब मिटला.

आपल्याकडचे उदाहरण पाहावे. ‘ज्योति’ या १९८१ च्या चित्रपटातले ‘थोडा रेशम लगता है’ हे लताबाईंचे गाणे २००२ साली एका अमेरिकन गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात सरळ उचलले गेले. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले. त्यांचे नाव छापल्याशिवाय तबकडी विकू नये, असा आदेश २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. इथे सर्वांना आनंद झाला. पण पुढे दावा टिकला नाही, कारण गाण्याचे हक्क लाहिरींकडे नव्हतेच. संगीतकाराची ही कथा, तर त्या गाण्यात ठेका धरणारे हात कुणाचे, हे किती जणांना सांगता येईल? भारतात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातला वाटाही. त्याआधी स्टुडिओत बसून वाजवून गेलेल्यांची एक आख्खी पिढी आहे.

यंत्र वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सॅम्पलर नसता तर कोलमनचा तो उशिराचा ठोका कुणाला कळलाही नसता. ज्या पोरांनी तो कापला, त्यांच्यापाशीही पैसे नव्हते. दोष असेल तर तो पुढच्या साखळीचा. जाहिरातवाले, कंपन्या, मोठमोठे कलावंत यांनी तोच ठेका वापरला आणि हा कुणाचा, एवढे विचारायचे राहून गेले.

अखेर २०१५ साली ब्रिटनमधल्या दोघा डीजेंनी संगीतप्रेमींकडून वर्गणी गोळा केली. सुमारे चोवीस हजार पौंड जमले आणि ते स्पेन्सर यांना देण्यात आले. त्या ठेक्यासाठी त्यांना मिळालेली ही पहिली मोठी रक्कम. स्पेन्सर २०२० साली वारले. ग्रेगरी कोलमन त्याआधीच, २००६ साली, अटलांटा शहरात गेला. तेव्हा त्याला राहायला घर नव्हते, आणि आपल्या सहा सेकंदांचे जगात काय झाले हे त्याला बहुधा ठाऊकही नव्हते, असे स्पेन्सर सांगत.