बसवजयंती आणि मुहूर्त

महात्मा बसवेश्वरांची जयंती अक्षय्य तृतीयेस, म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एका दिवशी यावी, हा योग मोठा विचित्र म्हटला पाहिजे. शुभाशुभ वेळेचे बंड मोडण्यास ज्यांनी कंबर बांधली, त्यांत बसवेश्वर अग्रगण्य होत. शरणास सर्व दिवस सारखेच, उद्याच्या धास्तीने आज खचण्याचे कारण नाही, असा त्यांच्या वचनांचा रोख आहे. तळहातावर इष्टलिंग आणि हाती कायक असता तिसरी चिंता कशास?

असे असता, नगर जिल्ह्यातील ज्या लिंगायत घरी पत्रिका जुळत नाही म्हणून मुलीचे चांगले स्थळ परत जाते, त्या घरास आम्ही विचारतो की, हे कोणत्या धर्माने? बाराव्या शतकात कल्याण येथे मधुवरस ब्राह्मणाच्या कन्येचा हरळय्या चर्मकाराच्या पुत्राशी विवाह झाला. त्यास कोणते पंचांग मुहूर्त देणार होते? कोणी म्हणेल, म्हणूनच तर दोन्ही पित्यांस प्राणास मुकावे लागले! पण परंपरेप्रमाणे त्यांचा घात बिज्जल राजाच्या आज्ञेने झाला; शनिमंगळाचा तेथे काय संबंध? ग्रहांच्या माथी दोष मारला की जुलूम करणारा नामानिराळा राहतो. हुंड्यावरून मोडलेली सोयरीक पत्रिकेच्या नावे खपविणे आजही किती सोयीचे पडते!

जन्ममरणाचे सूतकही न मानणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी मंगळास भ्यावे, हे आम्हांस कळत नाही. जयंतीची मिरवणूक थाटाने निघो; तत्पूर्वी उपवर मुलीच्या वडिलांनी पत्रिका पेटीत ठेवून मुलाच्या शीलाची व उद्योगाची चौकशी करावी, आणि मुलीसही तिचे मत विचारावे.